थांब सांगणारी तार

संपादकबाईंना हवं होतं ते गमतीचं काहीतरी. "शेवाळे, प्रिंटर घेऊन काय काय नमुने आले असतील तुमच्याकडे! तेच लिहा. दिवाळीत लोकांना जरा हसू दे." मी हो म्हणून बसलो. लिहायला घेतलं तर एकच माणूस पुढे येऊन बसला, आणि तो काही हलेना. त्याच्याबद्दल मी आजवर घरातही बोललेलो नाही. बाईंची माफी मागून त्याच्याबद्दलच लिहितो. पण आधी माझा धंदा काय होता ते सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही.

माझं दुकान नाशिकला, गंगापूर रोडवर, एका दातांच्या डॉक्टरांच्या खालच्या गाळ्यात होतं. वर त्यांचं ड्रिल, खाली माझे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. सुया रिबनवर आपटून अक्षरं उठवणारे ते प्रिंटर असे किंचाळायचे की वर खुर्चीत बसलेले पेशंट विचारायचे, "खाली कोणाचे दात काढतायत?" नव्वदच्या आसपास ज्यांनी पहिल्यांदा कॉम्प्युटर घेतला त्यांनी हा प्रिंटरही घेतला, आणि तो मरायचाच नाही. कॉम्प्युटर मात्र चार-पाच वर्षांत म्हातारा व्हायचा. नवा आणला की त्याला घरातला जुना प्रिंटर ओळखता यायचा नाही. मागे केबल लावायची जागा बदललेली, विंडोज बदललेलं, आणि ड्रायव्हर नसायचा. ड्रायव्हर म्हणजे दोघांमधला दुभाषी, कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला कळेल असं करून सांगणारा छोटा प्रोग्रॅम. कंपनीवाले म्हणायचे, नवा प्रिंटर घ्या. गिऱ्हाईक म्हणायचं, चांगला चालतोय, का टाकू? या दोघांच्या मधे जी जागा होती तिच्यात मी वीस वर्षं संसार केला.

मार्केट यार्डातले एक आडते होते. भाजीची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायची हिशेबाची पावती, छापायला त्यांनी मुलाच्या आग्रहाने इंकजेट घेतला, आणि आठवड्यात माझ्याकडे आले. "ह्याचा आवाज येत नाही हो. शेतकऱ्याला वाटतं, पट्टी मी घरनं लिहून आणली. तो कर्र कर्र करणारा परत चालू करून द्या." दिला. नव्या कॉम्प्युटरला तसलं भोकच नव्हतं, तर एक जुनं कार्ड आत बसवून दिलं. आणखी एका सोसायटीच्या बाई होत्या, त्यांनी प्रिंटरला क्रोशाचा झगा विणला होता आणि तो घालूनच छपाई करायच्या. प्रिंटर तापतो म्हणून तक्रार.

अशा कामांनी माझं नाव झालं. दुसऱ्याने भंगार म्हटलेलं शेवाळेकडे न्या, तो चालू करून देतो. असलेल्या सामानात भागवायचं, दोन तारांत होत असेल तर तिसरी लावायची नाही, यात मला फार मोठेपणा वाटायचा. मशीन घरघरायला लागलं की मी गिऱ्हाइकाकडे बघून म्हणायचो, "चालू आहे ना? झालं मग." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय की आता लिहितानाही लाज वाटते.

नाशिक रोडला, रेल्वे लाइनच्या पलीकडे, अंध मुलांसाठी पुस्तकं छापणारी एक छोटी संस्था होती. दोन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. तिथे परदेशातून देणगीत आलेलं एक ब्रेलचं मशीन होतं. हाही प्रिंटरच, फक्त याला शाई नाही. जाड कागदावर खालून टाचण्या मारून तो टिंबं उठवतो आणि वाचणारा त्यावरून बोट फिरवतो. पुठ्ठ्यासारखा कागद, त्यामुळे शाळेचं एक पुस्तक ब्रेलमधे केलं की त्याचे जाडजूड पाच-सहा भाग होतात. मशीनचा आवाज असा की शेडमधे कोणी बोलू शकायचं नाही. एका कॉलेजच्या मुलाने मराठी मजकूर टिंबांत बदलणारा प्रोग्रॅम करून दिला होता. तो मुलगा अमेरिकेला गेला, प्रोग्रॅम मात्र विंडोजच्या आधीच्या जुन्या डॉसवर इमानाने चालत होता.

संस्थेच्या सचिव माधवीताई. निवृत्त शिक्षिका, आवाज कधी चढायचा नाही. आणि तिथले वाचक काशिनाथ मौले. वाचक म्हणजे ब्रेलचे मुद्रितशोधक. छापलेलं पान बोटांनी वाचून चुका काढणं हे त्यांचं काम. मखमलाबादकडच्या मळ्यातलं घर, फुलं आणि पालेभाजी पिकवणारं. लहानपणी गोवरात डोळे गेले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना काशिनाथभाऊ म्हणायचो आणि ते मला 'इंजिनेर'. मी डिप्लोमावाला, पण ते ऐकायचे नाहीत.

साधुसंत वगैरे नव्हते हो. चहात साखर कमी पडली की बोंबलायचे, आणि साखर तर त्यांना बंद होती, डायबेटिस होता. क्रिकेटची कॉमेंट्री ऐकताना कोणी मधे बोललं तर शिवी ठरलेली. आणि आपल्या बोटांचा भलताच गर्व. "इंजिनेर, तुम्ही डोळेवाले वाचताना निम्मं गाळता. मला कागदावर नुसता हात फिरवू दे, लय झालं. खोट असली तर बोटाला टोचती."

"टोचती म्हणजे?"

"भाताच्या घासात खडा आला तर तू शोधत बसतो का? कळतंयच ना?"

एकदा मी त्यांच्यासमोर कोरा कागद ठेवला, चेष्टा म्हणून. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "वा! तुझ्या डोक्यात हाय तेवढं सगळं छापलंय ह्याच्यावर." शेडमधली माणसं आठवडाभर मला त्यावरून हसत होती.

त्यांची कामाची पद्धत अशी. नवं पुस्तक टाइप झालं की त्याची एक प्रत काढायची आणि काशिनाथभाऊंनी ती अक्षर न अक्षर वाचायची. चुका दुरुस्त झाल्या की ती फाइल पक्की. मग मुलांसाठी प्रती काढताना पुन्हा सगळं वाचायचं नाही, तेवढा वेळच नसायचा. पहिलं पान नीट वाचायचं, बाकी पानांवरून नुसता तळवा फिरवायचा, टिंबं उठलीत ना, एखादी टाचणी झिजली नाही ना, एवढं बघायला. वर्षानुवर्षं हे बिनचूक चाललं होतं. कारण फाइल तीच, मशीन तेच, मधली केबल तीच.

मग तो जुना कॉम्प्युटर गेला. कायमचा गेला, माझ्याच्याने उठला नाही. कोणीतरी भल्या माणसाने संस्थेला नवाकोरा कॉम्प्युटर दिला. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक तपासून तयार होतं, जिल्ह्यातल्या शाळांतून प्रतींची मागणी आलेली. माधवीताईंचा फोन आला, "शेवाळे, हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तुम्ही बोलतं करा."

मला असलं काम म्हणजे सण. डॉसचा प्रोग्रॅम नव्या विंडोजमधे चालवून घेतला. अडचण केबलची होती. जुन्या केबलला कॉम्प्युटरच्या बाजूला पंचवीस पिनांचं तोंड, नव्याला नऊ पिनांची जागा. तयार केबल मुंबईहून मागवायची म्हणजे थांबा. मी म्हटलं, थांबायचं कशाला, बनवतो.

इथे थोडं नीट सांगतो, कारण सगळं यातच आहे. अशा केबलमधे एक तार कॉम्प्युटरचा मजकूर मशीनकडे नेते. एक उलट येते, एक जमिनीची, म्हणजे अर्थिंगची. या तीन असल्या की मशीन हलतं, छापतं, सगळं ठीक दिसतं. पण आणखी एक तार असते, तिच्यातून मशीन कॉम्प्युटरला सांगतं, थांब, माझं तोंड भरलंय, गिळू दे. ब्रेलचं मशीन हळू. कॉम्प्युटर त्याच्या कितीतरी पट वेगाने मजकूर ओततो. मशीनच्या पोटात थोडी जागा असते, सुरुवातीचा मजकूर तिच्यात मावतो. ती भरली की मशीनने थांब म्हणायचं आणि कॉम्प्युटरने थांबायचं. ती तारच नसेल तर कॉम्प्युटर ओततच राहतो आणि मशीनला जे घेता येत नाही ते सांडून जातं. कुठेही नोंद नाही, लाल दिवा नाही. गेलं ते गेलं.

मला हे माहीत होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात. पण माझ्याकडे त्या दिवशी तीन पदरी वायर होती. वजनकाट्याच्या डिस्प्लेला, मोडेमला मी तीन तारांवर कितीदा भागवलं होतं. शिवाय गंगापूर रोडला एका बिल्डरच्या ऑफिसात दुपारी नवे कॉम्प्युटर बसवायला जायचं होतं, आणि तो माणूस उशीर झाला की दुसऱ्याला बोलवणारा. मी म्हटलं, आत्ता चालू करून देऊ, चौथी तार नंतर सवडीने.

मशीन सुरू झालं. काशिनाथभाऊंनी पहिलं पान हातात घेतलं, ओठ हलवत खालपर्यंत वाचलं. "झकास. पुढं?"

पुढची पानं बाहेर येत होती. मशीनच्या आवाजात ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "पुढची बी अशीच येतायत ना रे?"

मी कागद वर धरून पाहिला. पाहिला. ओळी सरळ, टिंबं ठसठशीत, पान भरलेलं. मला ब्रेलचं एक अक्षरही येत नाही. माझे वडील नोटांच्या छापखान्यात होते, आयुष्यभर कागद उजेडात धरून तपासत आले, आणि मला वाटतं तोच हात माझ्यातही होता, कागद वर धरण्याचा. मी ओरडलो, "एक नंबर येतायत!" त्यांनी ढिगावरून सवयीने तळवा फिरवला, मान हलवली. मी स्कूटर काढली.

गळलेल्या अक्षराची जागा रिकामी राहत नाही. राहिली असती तर मला दिसली असती, त्यांच्या तळव्याला लागली असती. पुढचं अक्षर सरकून तिथे येतं. ओळ भरलेलीच दिसते आणि भरलेलीच लागते. अक्षर न अक्षर वाचलं तरच कळतं, आणि ती फाइल तर वाचून झालेली होती.

त्या प्रती जिल्हाभर गेल्या. बऱ्याच मुलांना घरचं कोणीतरी साधं पुस्तक वाचून दाखवायचं, त्यांनी ब्रेलची प्रत तुटतेय हे कळल्यावर ती सोडून दिली असेल. कोणी तक्रार केली नाही. फुकट मिळालेल्या पुस्तकाची तक्रार कोण करतो?

दहावीचा निकाल लागल्यावर पेठ तालुक्यातल्या एका शाळेतले गावित सर एका मुलीला घेऊन संस्थेत आले. यमुना तिचं नाव. दहावीला विज्ञानात नापास झालेली. मी त्या दिवशी तिथे नव्हतो. माधवीताईंनी मला नंतर जे सांगितलं ते मी सांगतोय, पण ते मला इतकं पाठ आहे की मी तिथे होतो असंच वाटतं.

गावित सर म्हणाले, "मॅडम, मला काही समजत नाही. पोरीचं आख्खं पुस्तक तोंडपाठ आहे. घरी वाचून दाखवणारं कोणी नाही, हेच एक पुस्तक, ते हिने घोटलंय. आणि पेपरात भलतंच सांगून आली. ऐका जरा. म्हण गं."

तिने हात मागे बांधून म्हटलं. वनस्पतींचा धडा. घडाघड, न अडखळता. "वनस्पती सूर्यप्रकान्न स्वतः तयार करतात."

"थांब. सूर्यप्रकान्न म्हणजे काय गं?" माधवीताईंनी विचारलं.

"माहीत नाय बाई. पुस्तकात हाय."

"मग सरांना विचारायचं नाही का?"

"मला वाटलं, सगळ्यांना कळतंय. मलाच कळत नाय."

तिने ते आख्खं तुटलेलं पुस्तक पाठ केलं होतं. अर्धे शब्द, एका वाक्याचं डोकं आणि दुसऱ्याचं धड. परीक्षेत लेखनिकाला तिने तसंच सांगितलं आणि त्याने तसंच लिहिलं. वर्गात मुलं हसायची म्हणे. तिला वाटायचं, आपण मंद आहोत.

माधवीताईंनी काशिनाथभाऊंना बोलावलं, प्रत पुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, बरोबर. मग पुढचं. मग बोट थांबलं. पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलं. माधवीताई म्हणाल्या, त्यांचा चेहरा मला बघवेना.

मला फोन आला, "शेवाळे, मशीन एकदा बघून जा. मजकूर गळतोय असं वाटतं." फोन ठेवायच्या आत मला कळलं होतं. वाटेत मी मेन रोडवरून नीट वायर घेतली, दुकानात बसून सगळ्या तारांची केबल केली आणि पिशवीत टाकून गेलो. शेडमधे पोचलो तेव्हा आत कोणी नव्हतं. मी माझी तीन तारांची केबल काढली, नवी लावली, जुनी पिशवीत टाकली. मग हाक मारली, "ताई, या, बघू या."

दहा-बारा पानं काढली. काशिनाथभाऊंनी सगळी वाचली, मोठ्याने. एक अक्षर गळालं नाही.

"मग मशीन ठीक आहे?" माधवीताईंनी विचारलं.

"ठीक आहे."

"तुम्ही काही बदललंत का?"

"जरा साफ केलं."

कोणी माझ्यावर ओरडलं असतं तर मी खरं ओकलो असतो, असं मला वाटतं. माधवीताई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त मान हलवली. मी मनात म्हटलं, उद्या येऊन सांगतो, दोघं असतील तेव्हा नको, ताईंना एकटं गाठून. बिल्डरच्या ऑफिसचं, शाळांचं, बँकेचं काम माझ्या नावावर चाललं होतं आणि हे नाव म्हणजे 'शेवाळेने केलं की बघायला नको' एवढंच होतं. हेही खरं. पण सगळ्यात खरं हे की त्या क्षणी 'ठीक आहे' हा शब्द तोंडात तयार होता.

काशिनाथभाऊंनी पानं पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाले, "म्हणजे तवा माझ्या हातनंच गेलं."

"तसं नाही, काशिनाथभाऊ—"

"कसं नाय? कचऱ्यानं मशीन अडलं असंल, पण ते धरायचं काम माझं. फाइल चांगली हाय. प्रती माझ्या हाताखालून गेल्या. आज बोट दाबून वाचलं म्हणून कळलं. तवा पानापानाला एवढी खोट, आणि मला एक खडा लागला नाय." त्यांनी दोन्ही हात उताणे करून मांडीवर ठेवले. "डॉक्टर म्हणलाच होता, साखरेनं बोटं मरत्यात म्हणून. मला कळायच्या आधी पोरीला भोवलं."

त्यांनी केबलवर, कॉम्प्युटरवर, माझ्यावर क्षणभरही संशय घेतला नाही. मीच सांगितलं होतं ना, ठीक आहे म्हणून. आणि माधवीताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "वयाचा भाग आहे, काशिनाथ. तुझा दोष नाही." इतक्या मायेने म्हणाल्या. मी पिशवीचे बंद हातात धरून तिथे उभा होतो.

माधवीताईंनी गावित सरांना नव्या प्रती पाठवल्या. यमुनासाठी पाठवलेली प्रत परत आली. बापाने तिला शाळेतून काढून नेलं होतं. नापास पोरीला पुन्हा बसवायला त्याच्याकडे काही कारण नव्हतं.

काशिनाथभाऊंनी काम सोडलं. ताईंनी थांबवलं, दुसरं काहीतरी कर म्हणाल्या, टेलिफोनवर बस. "वाचणाऱ्याला वाचता येत नाय आणि तुम्ही त्याला खुर्ची देता?" असं म्हणून गेले. पुढे संस्थेने सीडीवर बोलकी पुस्तकं काढायला सुरुवात केली, मशीन गोणपाट घालून कोपऱ्यात गेलं. मी गंगापूर रोडला दुकान वाढवलं. उद्या सांगतो म्हटलं होतं ते सांगायचा उद्या आलाच नाही. असा माणूस मी एकटाच असेन असं वाटत नाही, पण त्याने माझं काही हलकं होत नाही.

परवा-परवा, म्हणजे प्रिंटरचं काम जवळपास संपून मी दुकान आवरायला काढलं तेव्हा, माधवीताई रस्त्यात भेटल्या. सहज बोलता बोलता म्हणाल्या, "काशिनाथने वाचनच सोडलं हो. त्याच्या घरी ब्रेलचं मासिक जातं ते बांधलेलंच राहतं. म्हणतो, हात लावायची भीती वाटते." मी त्यांना तिथेच, रस्त्यावर, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं, "त्याला सांगितलंत?" आणि रिक्षा थांबवून बसल्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.

मी मखमलाबादला गेलो. मळ्यात शेडखाली काशिनाथभाऊ मेथीच्या जुड्या बांधत बसले होते, शेजारी त्यांच्या वहिनी मुळं झटकून देत होत्या. आवाजावरून ओळखलं. "इंजिनेर! मेला नाय का अजून?" मी हसलो नाही म्हटल्यावर त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली.

मी सांगितलं. तीन तारा, चौथी नाही. गळलेल्या अक्षराची जागा भरून येते, तळव्याला कळणं शक्यच नव्हतं, कोणाच्याही तळव्याला. मी पिशवीत घालून नेलेली केबल. सगळं. मधे एकदा मोटर सुरू झाली आणि पाण्याच्या आवाजात मला पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, तेच वाक्य दोनदा. मीच खोटं बोललो.

त्यांनी बोटं एकमेकांवर घासली. मग म्हणाले, "म्हणजे बोटं चांगली व्हती."

"चांगली होती."

"वहिनी, ते मासिक आणा बरं. वरच्या फळीवरचं. कुठलं बी."

वहिनींनी मातीचे हात पदराला पुसून एक मासिक आणून दिलं. काशिनाथभाऊंनी त्याची सुतळी सोडली, पान मांडीवर सरळ केलं आणि डाव्या हाताचं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. बोट ओळीवरून गेलं, परत आलं. दुसरं बोट लावलं. मग उजव्या हाताचं. बोटांवर जुड्या बांधून पडलेले घट्टे मला स्पष्ट दिसत होते, मेथीचा हिरवा रंग भेगांत बसलेला.

"रवा लागतोय नुसता," ते म्हणाले. "सगळीकडं सारखाच." मग एकदम हसल्यासारखं करून म्हणाले, "ऐकलं का वहिनी, तवा बोटं गेली नव्हती माझी."

"आता गेली ना पण," वहिनी म्हणाल्या आणि पुढची जुडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती घेतली. गवताची काडी दोन वेळा गुंडाळून गाठ मारली. मी त्यांच्या पायाशी वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले. "बस, बस. नाटक नको." मग म्हणाले, "आणि त्या पोरीला सांगितलं का?"

"कुठल्या?"

"कुठल्या म्हणतो? पेठच्या. जिनं पाठ केलं व्हतं."

"नाही."

"मग माझ्याकडं आधी कशाला आला रे? मला साखर तरी व्हती. माझी बोटं आज ना उद्या जायाचीच व्हती. ती तर तिच्या डोक्याला बोल लावून बसली असंल."

मी पेठला गेलो. गावित सरांची बदली झालेली, पण शाळेतल्या शिपायाने गाव सांगितलं. घाटाच्या आत, जिथवर जीप जाते त्याच्याही पुढे. यमुनाचा भाऊ अंगणात नागलीचं पोतं शिवत होता. ती तिथे नव्हती. लग्न करून दिलेलं, नवरा बायको द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे जातात, कोणत्या मळ्यात ते दरवर्षी वेगळं. ती मळ्यावरच्या बायकांची पोरं सांभाळते, असं त्याने सांगितलं. पावसात येईल, तेव्हा निरोप देतो म्हणाला.

निरोप काय द्यायचा ते मी वाटेत पुन्हा पुन्हा मनात जुळवलं होतं. आयत्या वेळी एवढंच बोललो, "तिला सांगा, तिचं काही चुकलं नव्हतं. ती हुशारच आहे. पुस्तक चुकीचं छापलं होतं, आणि ते मी छापलं होतं."

भावाने दाभण पोत्यात तसाच अडकवून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, मला समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न होता.

"कुठलं पुस्तक?" त्याने विचारलं.